समुद्राशिवाय सर्फिंग : तलावात लाट तयार होते तरी कशी?

डिसेंबर २०१५ मध्ये एक व्हिडिओ इंटरनेटवर आला आणि जगभरातल्या सर्फर मंडळींच्या झोपा उडाल्या. व्हिडिओत ११ वेळा जगज्जेता ठरलेला अमेरिकन सर्फर केली स्लेटर होता आणि त्याच्यासमोर होती एक लाट. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न अडखळता फुटत जाणारी, फुटताना आत पोकळ बोगदा तयार करणारी, जवळजवळ दोन मीटर उंच लाट. अशी लाट समुद्रात मिळावी म्हणून सर्फर विमानाची तिकिटं काढून इंडोनेशिया किंवा हवाई गाठतात आणि तिथेही दिवसचे दिवस वाट बघतात.

ही लाट मात्र समुद्रात नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या लेमूर गावाजवळ, किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून जास्त आत, शेतांच्या मधोमध असलेल्या एका तलावात ती तयार केली होती.

तेव्हापासून जगात असे सर्फ पूल वाढत गेले. ब्रिस्टल, मेलबर्न, दक्षिण कोरियातलं सिहंग, स्वित्झर्लंडमधलं सिऑन, अबू धाबी अशी यादी मोठी आहे. पण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. लाट उठवणं तर गेली ५० हून जास्त वर्षं जमतंय. अवघड आहे ते तिला हवं तिथे, हव्या वेगाने फुटायला लावणं. आणि त्याहून अवघड आहे ती लाट गेल्यावर पाणी शांत करणं. कोणता सर्फ पूल चालला आणि कोणता बुडाला, हे बऱ्याच वेळा याच गोष्टींवर ठरलं आहे.

वॉटर पार्कमध्येही लाटा असतात. मग वेगळं काय?

मुंबईजवळच्या गोराईतल्या वॉटर किंगडमला किंवा दुसऱ्या कुठल्या वॉटर पार्कला गेला असाल, तर वेव्ह पूल पाहिला असेलच. भोंगा वाजतो, पाणी वरखाली व्हायला लागतं, सगळे ओरडतात. तिथल्या लाटेचं काम एवढंच, की माणसाला वरखाली करायचं. ती उथळ भागात येते तेव्हा पूलच्या सगळ्या रुंदीभर एकदम फुटते.

सर्फिंगला अशी लाट चालत नाही. सर्फरला लाटेचा न फुटलेला, उतरता भाग लागतो. त्या उतारावरून तो तिरका घसरत जातो. त्याच्या मागे लाट फुटत येते आणि पुढे उतार शिल्लक राहतो. संपूर्ण लाट एका क्षणात कोसळली तर घसरायला जागाच उरत नाही. म्हणून सर्फिंगची लाट केळ्याचं साल सोलत जावं तशी, एका बाजूने दुसरीकडे फुटत गेली पाहिजे.

हा फुटण्याचा वेगही मोजूनमापून लागतो. जास्त वेगाने फुटली तर लाट सर्फरला गाठते आणि त्याच्यावर कोसळते. कमी वेगाने फुटली तर उतार सपाट होतो आणि मजा जाते.

लाट फुटते का?

खोल पाण्यात लाट म्हणजे पाण्यातून पुढे सरकणारी ऊर्जा. पाणी स्वतः फारसं पुढे जात नाही, ते जागच्या जागी गोल फिरतं. लाट उथळ भागात आली की तिला तळ जाणवू लागतो. तिचा वेग कमी होतो आणि उंची वाढते. लाटेची उंची त्या ठिकाणच्या पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊणपट झाली, की तिचा माथा पुढे कलतो आणि ती फुटते.

म्हणजे लाट कुठे फुटणार हे तळ ठरवतो. दोन मीटरची लाट फोडायची असेल तर त्या जागी साधारण अडीच मीटर पाणी हवं. तळाचा चढ हळूहळू असेल तर लाट सौम्यपणे, फेसाळत फुटते. चढ एकदम असेल तर माथा पुढे फेकला जातो आणि आत पोकळी तयार होते. याच पोकळीला सर्फर ‘बॅरल’ म्हणतात आणि तिच्यातून आरपार जाणं हा या खेळातला सगळ्यात मोठा आनंद मानला जातो.

समुद्रात हे काम प्रवाळ, खडक आणि वाळूचे बांध करतात. तलावात ते काँक्रीट करतं. एकदा तळ ओतला की तो सहजासहजी बदलता येत नाही. त्यामुळे डिझाइन करणारे आधी संगणकावर आणि मग छोट्या टाकीत लाट पुन्हा पुन्हा तपासतात.

यात आणखी एक गणित आहे. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक मीटरची लाट दोन मीटरची करायची तर ऊर्जा दुप्पट नाही, चौपट लागते. कृत्रिम लाटांच्या विजेच्या बिलाचं मूळ इथे आहे.

आधी कुणी प्रयत्न केले होते?

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी इथे ‘बिग सर्फ’ सुरू झालं. आजूबाजूला वाळवंट आणि मध्ये सर्फिंग! त्याची पद्धत आपल्या फ्लशच्या टाकीसारखीच होती. पंपाने पाणी उंच टाकीत चढवायचं आणि खालची दारं उघडून एकदम सोडायचं. लोकांनी गर्दी केली. पण प्रत्येक लाटेसाठी टाकी भरायला वेळ लागायचा आणि समुद्रातल्या चांगल्या लाटेशी तिची तुलना होत नव्हती.

१९८५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउन इथल्या वॉटर पार्कमध्ये व्यावसायिक सर्फरांची स्पर्धा झाली. ऑस्ट्रेलियाचा टॉम कॅरोल जिंकला. पण जगातले अव्वल सर्फर गुडघ्याएवढ्या लाटांवर धडपडताना दिसले आणि स्पर्धा चेष्टेचा विषय झाली. तलावातल्या सर्फिंगचं नाव त्यानंतर बरीच वर्षं खराब राहिलं.

जपानमधल्या मियाझाकीत १९९३ मध्ये ‘ओशन डोम’ उभा राहिला. सरकणारं छत, कृत्रिम किनारा आणि बऱ्यापैकी लाटा. गंमत म्हणजे खरा समुद्र तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होता. २००७ मध्ये तो बंद पडला.

आज लाट कशी तयार करतात?

सध्या चार मुख्य पद्धती दिसतात.

*पहिली, पाण्याखालचा नांगर.* लेमूरच्या तलावात एका काठाने रुळांवरून एक अवजड यंत्र धावतं. त्याला विमानाच्या पंखासारखं वळणदार पातं जोडलेलं आहे आणि ते पाण्यात बुडालेलं असतं. ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने पातं पुढे गेलं की ते पाणी बाजूला ढकलतं. त्यातून एक एकटी लाट निघते आणि ठरवून घडवलेल्या तळावर येऊन फुटत जाते. तलाव सहाशे मीटरहून लांब असल्याने एकच लाट पाऊण मिनिटाच्या आसपास चालते. समुद्रात बहुतेक लाटा काही सेकंदांतच संपतात. यामागे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले द्रवगतिशास्त्राचे अभ्यासक ॲडम फिंचम यांचं जवळजवळ दशकभराचं काम आहे.

*दुसरी, एकामागून एक हलणारी पाती.* क्रिकेटच्या मैदानावर प्रेक्षक ओळीने उभे राहून मेक्सिकन वेव्ह करतात, ती आठवा. प्रत्येक जण जागच्या जागी उठतो आणि बसतो, पण लाट मैदानभर फिरते. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या वेव्हगार्डन कंपनीची ‘कोव्ह’ पद्धत अशीच चालते. तलावाच्या मधोमध एक लांब भिंत असते. तिच्या दोन्ही बाजूंना विजेवर चालणारी पाती ओळीने बसवलेली असतात. ती क्रमाक्रमाने पाणी ढकलतात आणि भिंतीला लागून तिरकी लाट धावत जाते. ब्रिस्टल, मेलबर्न, सिहंग आणि सिऑनमध्ये हीच यंत्रणा आहे.

*तिसरी, हवेचा दाब.* यात तलावाच्या एका बाजूला काँक्रीटचे कप्पे असतात. त्यांत हवा भरून पाणी खाली दाबलं जातं आणि ते तलावात लाट होऊन बाहेर पडतं. याला बाजाच्या पेटीची उपमा चपखल बसेल. भाता हवा पुरवतो आणि कोणती पट्टी कधी दाबायची ते संगणक ठरवतो. क्रम बदलला की लाटेचा आकार बदलतो. अमेरिकन वेव्ह मशिन्स या कंपनीची ही पद्धत टेक्सासमधल्या वेको इथे आणि जपानच्या शिझुनामीत वापरली आहे. टोकियो ऑलिम्पिकआधी अमेरिकेच्या सर्फिंग संघाने शिझुनामीत सराव केला होता.

*चौथी, तळ्यात खडा.* ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये येपून इथे ‘सर्फ लेक्स’ कंपनीने तलावाच्या मधोमध एक प्रचंड लोखंडी दट्ट्या उभारला. तो वरखाली झाला की खडा टाकल्यासारखी वर्तुळाकार लाट सगळीकडे पसरते. भोवतालचा तळ वेगवेगळ्या आकाराचा ठेवला, तर एकाच ठोक्यात एकीकडे शिकाऊंसाठी सौम्य लाट आणि दुसरीकडे तरबेज सर्फरसाठी बॅरल मिळते.

क्रूझवर किंवा मॉलमध्ये उतारावर जोरात पाणी सोडून जे ‘सर्फिंग’ करून देतात, ते या चारांत बसत नाही. तिथे पाण्याची पातळ चादर वाहत असते आणि माणूस जागच्या जागी तोल सांभाळतो.

मग अडचण कुठे आहे?

बादली उचलून चार पावलं चाला. तुम्ही थांबलात तरी आतलं पाणी हिंदकळत राहतं. तलावातही हेच होतं. समुद्रात फुटलेली लाट लांबलचक किनाऱ्यावर विरते. तलावात मात्र ती काठावर आपटून परत येते, दुसऱ्या काठावरून आलेल्या लाटेला भिडते आणि पृष्ठभागावर खळबळ माजते. त्यातच पुढची लाट सोडली तर तिचा गुळगुळीत उतार ओबडधोबड होतो. पाण्यातला प्रवाह सर्फरला जागेवरून ओढून नेतो ते वेगळंच.

त्यामुळे काठ कसा बांधायचा, हा काही सुशोभीकरणाचा प्रश्न नाही. काठाजवळ लांब, मंद उतार ठेवतात, पाणी आत घेऊन जिरवणारे जाळीदार चर करतात. तरीही वेळ द्यावाच लागतो. लेमूरमध्ये एक लाट झाली की पुढच्या लाटेसाठी तीन-चार मिनिटं थांबावं लागतं. म्हणजे तासाला साधारण १५ ते २० लाटा. जगातली बहुधा सगळ्यात रेखीव कृत्रिम लाट, पण तासाला फार थोड्यांच्या वाट्याला येणारी. साहजिकच तिथला एक दिवस सामान्य माणसाला परवडत नाही.

कोव्ह पद्धतीत याच्या उलट विचार आहे. लाट तुलनेने आखूड, पण तासाला १,००० पर्यंत लाटा सोडता येतात, असं कंपनी सांगते. भिंतीजवळ अनुभवी सर्फर आणि काठाकडे फेसाळलेल्या पाण्यात पहिल्यांदाच फळीवर उभी राहणारी मुलं, असे दोन्ही गट एकाच वेळी तिकीट काढून पाण्यात असतात. स्पर्धेसाठी कुणी लेमूरची लाट निवडेल, पण शहरालगत धंदा करायचा तर दुसरं गणित जास्त जुळतं.

हे गणित कंपनी ठेच खाऊन शिकली. वेव्हगार्डनची आधीची पद्धतही पाण्याखाली पातं ओढण्याचीच होती. वेल्समधल्या डोल्गारोग इथे, जुन्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जागेवर २०१५ मध्ये त्या पद्धतीचा सर्फ पूल सुरू झाला. यंत्र वारंवार बिघडायचं आणि बिघडलं की पूर्ण तलाव बंद. शेवटी २०२३ मध्ये तिथलं सर्फिंग कायमचं थांबलं. कोव्हमध्ये अनेक सुटी पाती असल्याने एखादं बिघडलं तरी काम अडत नाही.

पाणी किती लागतं?

या विषयावर वाद होतो तो इथेच. तलाव एकदाच भरतात आणि तेच पाणी गाळून वापरतात, हे खरं. पण उघड्या तलावातून बाष्पीभवन रोज होतं. हिशोब सोपा आहे. तलाव एक हेक्टरचा असेल आणि उन्हामुळे दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडत असेल, तर रोज ५० हजार लिटर पाणी जातं. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर, तेही फक्त पातळी टिकवायला. लाटांमुळे पाणी उडतं, फेस होतो, म्हणून प्रत्यक्षात हे प्रमाण आणखी वाढतं.

कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात, ला किंटा शहरात सुमारे सात कोटी लिटर पाण्याच्या सर्फ पूलचा प्रस्ताव आला होता. राज्यात दुष्काळ, कोलोरॅडो नदीचं पाणी आटत चाललेलं. रहिवाशांनी पाणी, आवाज आणि रात्रीच्या प्रखर दिव्यांवरून विरोध केला. गोल्फ कोर्सला याहून जास्त पाणी लागतं, असा युक्तिवाद समर्थकांनी केला. २०२२ मध्ये नगर परिषदेने प्रस्ताव फेटाळला. त्याच खोऱ्यात पाम स्प्रिंग्ज इथे मात्र २०२४ मध्ये सर्फ पूल सुरू झाला, कारण तो जुन्या वॉटर पार्कच्या जागेवर होता.

म्हणजे ‘पाणी वाया जातं का’ एवढंच विचारून भागत नाही. पाणी कुठून येतं आणि त्या जागी आधी काय होतं, हेही बघावं लागतं. डोल्गारोगचा तलाव डोंगरातल्या पावसाच्या पाण्यावर, जलविद्युत केंद्रातून आलेल्या पाण्यावर भरायचा. तिथे पाण्यावरून तंटा झाला नाही. वाळवंटात तो होणारच.

आणि सुरक्षितता?

सप्टेंबर २०१८ मध्ये वेकोच्या पार्कला भेट देऊन गेलेल्या न्यू जर्सीच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. कारण होतं नेग्लेरिया फाउलेरी, म्हणजे केरळमधल्या बातम्यांमुळे आपल्याकडे ‘मेंदू खाणारा अमिबा’ या नावाने माहीत झालेला जीव. तो कोमट गोड्या पाण्यात वाढतो. पाणी पोटात गेलं तर धोका नसतो, पण नाकातून आत शिरलं तर संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचतो. असा संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने तपासणी केली. पार्कमधल्या दुसऱ्या एका तलावात हा अमिबा सापडला. सर्फिंगच्या तलावात तो मिळाला नाही, पण गढूळ पाणी, कमी क्लोरीन आणि विष्ठेतल्या जंतूंच्या खुणा, अशी अमिबा वाढायला पोषक परिस्थिती तिथेही होती. पार्क बंद ठेवून गाळण आणि क्लोरीनची नवी यंत्रणा बसवली आणि २०१९ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

यातून एक महत्त्वाचा प्रश्न पुढे आला. सर्फ पूलला तलाव म्हणायचं की पोहण्याचा तलाव? नैसर्गिक तळ्याला क्लोरीनचे नियम लागत नाहीत, पोहण्याच्या तलावाला लागतात. पण सर्फिंगमध्ये माणूस पडतोच, वेगाने पडतो आणि नाकातोंडात पाणी जातंच. त्यामुळे इतकं पाणी सतत गाळणं आणि निर्जंतुक ठेवणं, हा लाटेच्या यंत्राइतकाच मोठा खर्च धरावा लागतो.

खेळाला याने काय मिळालं?

सप्टेंबर २०१८ मध्ये लेमूरच्या तलावात जागतिक दौऱ्यातली स्पर्धा झाली. पुरुषांत ब्राझीलचा गॅब्रिएल मेदिना आणि महिलांत हवाईची कॅरिसा मूर जिंकली. सगळ्यांना सारख्याच लाटा, त्यामुळे नशिबाचा भाग जवळपास संपला.

आता पॅरिस ऑलिम्पिक आठवा. २०२४ मध्ये हाच मेदिना लाटेवरून उसळून हवेत सरळ उभा असल्यासारखा दिसत होता, शेजारी त्याची फळीही उभी. तो फोटो तुमच्याही फीडमध्ये आला असेल. ती स्पर्धा फ्रान्सपासून हजारो किलोमीटर दूर, ताहितीच्या टीयाहुपोमध्ये झाली होती. त्यानंतर उपांत्य फेरीत समुद्र जवळजवळ शांत झाला. मेदिना वाट बघत बसला आणि त्याला एकच लाट मिळाली. सुवर्णपदकाची संधी गेली, कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं.

तलावात हे घडलं नसतं. पण तलावात तो फोटो देणारी लाटही आली नसती. समुद्र वाचता येणं, कोणती लाट सोडायची आणि कोणती पकडायची हे ओळखणं, हेच खरं सर्फिंग असं अनेक सर्फर मानतात. सगळ्यांना तीच लाट दिली की खेळ जिम्नॅस्टिक्ससारखा होतो, अशी त्यांची तक्रार आहे. सरावासाठी मात्र तलावाला तोड नाही. तीच उडी, तीच लाट, दिवसात ५० वेळा.

आपल्याकडे याचा काय संबंध?

सर्फिंग भारतात आता नवीन राहिलेलं नाही. कर्नाटकातलं मुल्की आणि तमिळनाडूतलं कोवलम ही त्याची मोठी केंद्रं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल याने कांस्यपदक जिंकलं. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेत सर्फिंगचा समावेश आहे.

आणि लाटा ‘तयार करण्याचं’ शास्त्र तर पुण्याच्या अगदी जवळ आहे. खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ साली स्थापन झाली. तिथे बंदरांच्या आणि लाटा अडवणाऱ्या बंधाऱ्यांच्या छोट्या प्रतिकृती मोठ्या हौदांत उभ्या करतात आणि यंत्राने त्यांच्यावर लाटा सोडतात. प्रतिकृती शंभरपट लहान असेल तर दोन मीटरची लाट दोन सेंटीमीटरची होते आणि दर दहा सेकंदांनी येणारी लाट दर सेकंदाला सोडावी लागते. सर्फ पूलची रचना तपासताना हेच नियम वापरतात. फरक उद्देशाचा आहे. बंदर बांधणाऱ्याला लाट जिरवायची असते, सर्फ पूल बांधणाऱ्याला आधी ती उठवायची असते आणि मग जिरवायची असते.

उद्या तुमच्या शहराजवळ सर्फ पूलची जाहिरात दिसली, तर लाटेच्या उंचीवर जाऊ नका. चार गोष्टी विचारा. तासाला लाटा किती? पाणी कुठून येणार? ते रोज गाळलं आणि तपासलं जातं का? आणि यंत्राचा एक भाग बिघडला तर बाकीचा तलाव चालतो का? या चारांची नीट उत्तरं मिळाली, तर तिकिटाचे पैसे वसूल होण्याची शक्यता जास्त.